चपला बाहेर काढाव्यात

मानवजातीच्या वाटचालीत असा एखादाच दिवस उगवतो, ज्या दिवशी अंतर नावाची गोष्ट पृथ्वीवरून कायमची नाहीशी होते. यंदाच्या गुढीपाडव्याला मझौलीत तो उगवला, असं भय्यासाहेब पळसोकरांनी तिथल्या मधुमेह केंद्राच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. त्याआधी त्यांनी जमलेल्या मंडळींची क्षमा मागितली, कारण जबलपूरहून मझौलीला पोचायला त्यांना निम्मा दिवस लागला होता. रस्ता खोदलेला होता आणि मधे एका ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. लोक सकाळपासून बसले होते. त्यांतले बहुतेक मधुमेही असल्यामुळे दोघांना चक्करही आली होती. त्यांना प्रसादाचे पेढे देण्यात आले.

भय्यासाहेब हे जबलपूरच्या नर्मदातट महाराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष. सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात झालेली. तिथे तोफा ज्यावर बसवतात ते गाडे त्यांच्या देखरेखीखाली तयार होत. एखादी वस्तू एकदा जागेवर बसली की पुन्हा हलता कामा नये, हा त्यांचा तेव्हापासूनचा सिद्धांत. मंडळाचं अध्यक्षपदही त्याच सिद्धांतावर चाललं होतं.

केंद्राची कल्पना साधी होती, आणि खरं सांगायचं तर चांगली होती. मझौलीच्या बाजारामागे एक खोली. खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही, टीव्हीखाली कॅमेरा, समोर टेबल आणि खुर्ची. पलीकडे पुण्यात डॉक्टर प्रथमेश, मधुमेहाचे मोठे तज्ज्ञ आणि भय्यासाहेबांचे सख्खे भाचे. दर दुसऱ्या बुधवारी ते पुण्याहून मझौलीच्या पेशंटांना तपासणार. बोटाची साखर केंद्रात बघणार, औषध केंद्रातून फुकट मिळणार. ज्या माणसाला डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी सोडून जबलपूरची बस धरायची, त्याच्यासाठी ही काही लहान गोष्ट नव्हती. म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आता जबलपूरला जायची गरज नाही.’

पहिले दोन महिने साखरा उतरल्यादेखील. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं ते तंत्रज्ञानामुळे झालं असं म्हणणारे भेटतात. यंत्राने आपलं काम चोख केलं. त्याला जिथे बघायला लावलं तिथे ते बघत राहिलं.

कुठे बघायला लावायचं, हे भय्यासाहेबांनी स्वतः ठरवलं होतं. कॅमेऱ्याचा स्टँड त्यांनी लोखंडी अँगलचा करवून घेतला आणि चार बोल्ट मारून फरशीत पक्का केला. खुर्चीवर केंद्रप्रमुख वसुधाताईंना बसवून उंची धरली. पेशंटचा चेहरा यावा आणि मागच्या भिंतीवरची मंडळाच्या संस्थापकांची तसबीरही पूर्ण यावी, असं ते गणित होतं. चेहरा थोडा कापला गेला तर चालणार होतं.

“आता भूकंप आला तरी हा हलणार नाही,” भय्यासाहेब म्हणाले.

“मझौलीत भूकंप नाही येत भैया,” वसुधाताई म्हणाल्या.

“म्हणून काय झालं?”

वसुधाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरीत मझौलीला बदली झाली आणि मग त्या तिथल्याच झाल्या. स्वभावाने प्रेमळ, पण चाळीस वर्षं मुलींना ओळीत उभं केल्यामुळे माणसं ओळीत नसली की त्यांना कसंतरी होई. उद्घाटनाला त्यांनी टीव्हीची रीतसर पूजा केली. भय्यासाहेबांच्या कारखान्यातही दसऱ्याला यंत्रांना गंध-फूल वाहत, तेव्हा त्यांनाही त्यात वावगं दिसलं नाही. हळद-कुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला. शेजारी नर्मदामैयाचा फोटो लागला. कुंकवाचा टिळा काचेवर वरच्या बाजूला मधोमध बसला होता, आणि तो पुसणं अशुभ म्हणून कोणी पुसला नाही. परिणामी पुण्यातले डॉक्टर प्रथमेश, जे स्वतः कसलाच टिळा लावत नसत, ते मझौलीत कायम कपाळावर कुंकू लावून प्रकट होत.

एवढं झाल्यावर त्या खोलीत पादत्राणं घालून जाणं शक्यच नव्हतं. दाराबाहेर दुसरी पाटी लागली, हिंदीत आणि मराठीत: ‘चपला बाहेर काढाव्यात.’ वसुधाताईंनी चपलांसाठी खडूने रेघ आखली, फाटकाजवळ. फाटकापासून दारापर्यंत दगडी फरशीचं अंगण होतं. रांग त्या अंगणात लागे.

मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते, काटा मोडला तरी कळत नाही, म्हणून मधुमेहाच्या माणसाने कधीही अनवाणी चालू नये. ही माहिती केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरवर चित्रासकट दिलेली होती. पोस्टर आत होतं. चपला बाहेर.

मुरलीधर नामदेव त्या रांगेत असायचा. मुरलीधर म्हणजे मझौलीतला शिंपी. त्याचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या लवाजम्याबरोबर कपडे शिवत इकडे आले आणि इकडेच राहिले. घरात मराठी उरली होती ती आरतीपुरती आणि भांडणापुरती. बायको हेमलता नागपूरकडची असल्यामुळे दोन्ही भरपूर होई. बाजारात त्याचं लहानसं दुकान, दुकानात बापाच्या वेळचं पायमशीन. उजवा पाय पावटीवर ठेवला की तो दिवेलागणीलाच खाली यायचा. शाळेचे गणवेश, लग्नाचे सफारी, भजनी मंडळाचे झब्बे, सगळं त्या पायावर चाले. गिऱ्हाईक म्हणत मुरलीधरचा हात चांगला आहे. हेमलता म्हणे, “हाताचं काय, तो तर नुसता कापड सरकवते. घर चालवते तो पाय.”

टीव्हीवरची मखमली खोळही मुरलीधरनेच शिवलेली. कापड वसुधाताईंनी खास जबलपूरहून, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणवलं होतं, लाल, सोनेरी किनारीचं. बुधवारी ती खोळ काढली जाई तेव्हा रांगेतली माणसं आपोआप हात जोडत.

मे महिन्याच्या एका बुधवारी पुण्याची लाइन लागेना. वसुधाताई आत “हॅलो प्रथमेश, आवाज येऊन राहिला का?” करत होत्या आणि बाहेर रांग उन्हात उभी होती. ज्यांच्या पायाला अजून कळत होतं ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, भिंतीच्या सावलीला पळत होते आणि वसुधाताईंकडून ओरडून घेत होते. मुरलीधर मात्र जागचा हलला नाही. वसुधाताईंनी दारातून त्याचं कौतुकही केलं. “बघा, मुरलीधरजींकडून शिका जरा. कसे शांत उभे आहेत.”

घरी आल्यावर तो पाय पसरून बसला, तेव्हा हेमलताने पाहिलं.

“अहो, हे काय करून आले?”

“काहून? काय झालं?”

“पाय पाहा ना आपला. तळवा सोलून निघाला सारा.”

मुरलीधरने पाय वळवून पाहिला. दुसऱ्या कोणाचा पाय पाहावा तसा. “हो गं,” तो म्हणाला. “पण दुखून नाही राहिला.”

“न दुखणारं दुखणं जास्त वाईट असते.”

“तू काय डॉक्टर आहे का? बुधवारी विचारतो.”

बुधवार आला. मुरलीधर खुर्चीवर बसला. मागे संस्थापक, पुढे डॉक्टरसाहेब, कपाळावर कुंकू, गळ्यात हार. हार टीव्हीला होता, पण समोरून तो गळ्यातच दिसे.

“काय मुरलीधरकाका, कसं काय? साखर मस्त उतरली आहे तुमची. शाब्बास!”

“आपली कृपा साहेब.”

“पथ्य चालू आहे ना? चालता ना रोज? आणि पायाला काही जखम-बिखम नाही ना?”

डॉक्टर विचारत होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते दर वेळी विचारत. पण विचारून ते खालच्या कागदाकडे बघत, आणि कॅमेरा संस्थापकांकडे बघे. मुरलीधरला लहानपणापासून घरात एकच शिकवण होती, मोठ्या माणसाकडे पाय करून बसू नये. पाहुण्यांसमोर पाय पसरला म्हणून त्याने बापाच्या हातचा मार खाल्लेला. आता तर समोर नुसता मोठा माणूस नव्हता. हार घातलेला, कुंकू लावलेला, मैयाच्या शेजारी बसलेला. त्याच्यापुढे सडक्या पायाचं नाव काढायचं?

“सब ठीक है साहेब,” मुरलीधर म्हणाला.

“व्हेरी गुड. नेक्स्ट.”

हेमलता बाहेर होती. बाहेरच असायची. फ्रेममध्ये एकच पेशंट, असा नियम होता, कारण दोन माणसं बसली की संस्थापक झाकले जात. घरी येताना तिने विचारलं, “पायाचं बोलले?”

“विचारलं त्यांनी.”

“मग?”

“म्हटलं ठीक आहे.”

हेमलता रस्त्यातच थांबली. “आणि त्यांनी मानलं?”

“मानतील नाही तर काय? ते काही खोटं थोडीच समजतात आपल्याला.”

त्या दिवसापासून हेमलताने एकच काम हाती घेतलं. नवऱ्याचा पाय डॉक्टरला दाखवायचा. ऐकायला हे फार सोपं वाटतं.

पहिल्यांदा ती वसुधाताईंकडे गेली. वसुधाताईंनी पाय पाहिला, “अगबाई!” म्हणाल्या, आणि लगेच आपल्या मोबाइलने फोटो काढून मंडळाच्या ‘आरोग्यदूत’ ग्रुपवर टाकला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या ग्रुपवर डॉक्टर प्रथमेश होते, पण दिवसभर चालणाऱ्या सुप्रभात आणि सुविचारांमुळे त्यांनी तो ग्रुप कधीच गप्प करून ठेवला होता. गप्प न केलेले लोक म्हणजे देणगीदार. त्यांतल्या नागपूरच्या एक बाई नेमक्या जेवत होत्या. त्यांनी लिहिलं की मंडळाच्या कार्याबद्दल त्यांना आदरच आहे, पण अशी चित्रं बघण्यासाठी त्यांनी देणगी दिलेली नाही. भय्यासाहेबांनी फोटो काढून टाकला, क्षमा मागितली आणि नियम केला की यापुढे ग्रुपवर पेशंटचे फोटो फक्त चेहऱ्याचे आणि शक्यतो हसऱ्या चेहऱ्याचे टाकावेत.

“अलग से भेजो ना दीदी डॉक्टरांना,” हेमलता म्हणाली.

“अगं, डॉक्टरांचा नंबर आपल्याकडे नाही. भय्यासाहेब देत नाहीत. उद्या सगळी मझौली त्यांना फोन करून राहील.”

“मग टीव्हीवर दाखवू. खुर्चीवर उभे करते यांना.”

“टीव्हीसमोर? खुर्चीवर पाय देऊन?” वसुधाताईंनी एकदा मैयाच्या फोटोकडे पाहिलं. “असं कसं चालेल हेमलता? आणि कॅमेरा तर हलत नाही. त्याला बोल्ट आहेत.”

बाजारातला मलमपट्टीवाला रोज पांढरी पावडर मारत होता. पावडरीखाली काळं पडत होतं. मुरलीधर मशीनवर बसतच होता, कारण शाळा उघडायच्या होत्या आणि गणवेश पडले होते. पावटीवर पट्टीचा डाग उमटे. हेमलता तो रोज पुसे. वास मात्र पुसता येत नव्हता. गिऱ्हाईक माप देताना तोंड फिरवायला लागलं.

मग हेमलता जबलपूरला गेली. एकटी, बसने. भय्यासाहेबांच्या घरी. भय्यासाहेब दुपारच्या चहाला बसले होते. तिला बघून त्यांना खरंच वाईट वाटलं.

“हेमलताबाई! एवढ्या लांब कशाला आलात? आता कोणाला जबलपूरला यायची गरजच नाही!”

“पाय सडून राहिला भय्यासाहेब. यांचा.”

“प्रथमेशला सांगितलं?”

“त्यांना दिसत नाही. कॅमेरा खाली करा थोडा. एका दिवसासाठी.”

भय्यासाहेबांनी कप खाली ठेवला. “बाई, तो स्टँड बसवायला मला दोन दिवस लागले. एकदा अलाइनमेंट गेली की गेली. आणि खाली केला तर काय दिसेल? टेबल.”

“टेबल बाजूला करू.”

“टेबलावर देणगीदारांच्या नावाची पट्टी आहे.”

हेमलता उठून उभी राहिली. मग म्हणाली, “अच्छा. मग इथल्या दवाखान्यात घेऊन येते यांना. उद्याच.”

इथे भय्यासाहेब जे बोलले ते अतिशय आपुलकीने बोलले, आणि म्हणूनच ते विसरता येत नाही. ते म्हणाले, “आता घाई करू नका. पुढच्या बुधवारी मुंबईच्या फाउंडेशनच्या सलोनी मॅडम पाहणीला येताहेत. ग्वारीघाटला दुसरं केंद्र मंजूर व्हायचंय. प्रात्यक्षिकाला पेशंट म्हणून मी मुरलीधरचंच नाव दिलंय. आपला मराठी माणूस, साखर एकदम नॉर्मल, नीटनेटका. आता तुम्ही त्याला दुसरीकडे दाखवलंत तर नियमाने केंद्रातून त्याचं नाव कमी होतं. औषधही बंद. त्यापेक्षा बुधवारी प्रथमेश सावकाश बघेल. मी स्वतः सांगतो त्याला. एवढे दिवस थांबलात, चार दिवस अजून.”

हेमलता थांबली. औषध बंद होईल या भीतीने थांबली. ती थांबलीच का, असं विचारणारे लोक सहसा औषध फुकट घेणारे नसतात.

भय्यासाहेबांनी प्रथमेशला फोन केलाही. सलोनी मॅडमना कुठले आकडे दाखवायचे यावर बराच वेळ बोलणं झालं. पाय राहून गेला.

बुधवारी केंद्राला झेंडूच्या माळा होत्या. अंगणात कनात लावली होती, म्हणजे मॅडमना ऊन लागू नये. मे महिन्यातल्या उन्हावर उपाय सापडला होता, फक्त तो श्रावणात सापडला. वसुधाताईंनी मुरलीधरकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि पायाला पट्टीवरून मोजा. चपला फाटकाशी काढल्या. त्या दिवशी लाभार्थी कुटुंब म्हणून हेमलतालाही फ्रेममध्ये घेतलं होतं. संस्थापकांची तसबीर त्यासाठी तात्पुरती वीतभर वर चढवली होती. भिंतीवरचा खिळा हलत होता, हे यावरून सिद्ध झालं.

सलोनी मॅडम वयाने लहान, बोलायला गोड आणि पाहणीत मुरलेल्या. दारात त्यांनी बूट काढले तेव्हा वसुधाताईंचा ऊर भरून आला. लाल खोळ निघाली. डॉक्टर प्रथमेश प्रकटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काका,” सलोनी मॅडमनी विचारलं, “या केंद्रामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?”

“जबलपूरला जायची गरज नाही राहिली,” मुरलीधर पाठ केल्याप्रमाणे म्हणाला.

“वा! आणि काकू, तुम्ही काय सांगाल?”

“मी सांगत नाही,” हेमलता म्हणाली. “दाखवते.”

ती खाली वाकली, नवऱ्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि देणगीदारांच्या पट्टीवरून वर टेबलावर ठेवला. मुरलीधर खुर्चीत मागे कलंडला. “अगं, काय करून राहिली! साहेब बघून राहिले! पाय खाली घे!”

“बघू द्या. तेवढ्यासाठीच आहेत ते.”

“हेमलता!” वसुधाताई ओरडल्या. “मैयासमोर!”

“मैयाने खूप पाय पाहिले आहेत दीदी. तिचं काही बिघडत नाही.”

तिने मोजा काढला आणि पट्टी सोडायला घेतली. शेवटचा वेढा सुटला तेव्हा खोलीत कोणालाही काही विचारायची गरज उरली नाही. झेंडूच्या माळा होत्या तरी नाही. सलोनी मॅडमनी रुमाल नाकाला लावला. भय्यासाहेब म्हणाले, “बाई, ही काय पद्धत झाली? पाय? डॉक्टरांच्या तोंडापुढे?” आणि मॅडमकडे वळून म्हणाले, “क्षमा करा हं. अडाणीपणा आहे थोडा.”

“मामा, बाजूला व्हा,” टीव्ही म्हणाला.

डॉक्टर प्रथमेश खुर्चीतून पुढे झुकले होते. कुंकवाचा टिळा आता त्यांच्या डोक्यावरून निसटून मागच्या कपाटाला लागला होता. पहिल्यांदाच ते साध्या माणसासारखे दिसले.

“काकू, अजून थोडा वर धरा. हो. बोटांमधे दाखवा. हे... हे कधीपासूनचं?”

“उन्हाळ्यातलं. इथंच भाजला. तुमच्या रांगेत.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला पाय दाखवायची सोय नाही डॉक्टर.”

पुण्यात डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला.

“मामा,” डॉक्टर म्हणाले, “यांना आत्ताच्या आत्ता जबलपूरला न्या.”

“प्रथमेश, अरे, पाहणी तर होऊ दे. नंतर मी...”

“मामा, पाय जाईल!”

भय्यासाहेबांच्या गाडीत कनातीचे बांबू होते. ते काढेपर्यंत सलोनी मॅडमनी आपली गाडी दिली. दिली हे खरं आहे. त्याआधी त्यांनी बरोबरच्या माणसाला “हे सगळं रेकॉर्ड झालं ना?” असं विचारलं, हेही खरं आहे. मुरलीधरला उचलून नेताना हेमलता फाटकाशी थांबली आणि त्याच्या चपला पिशवीत घातल्या. दोन्ही.

रस्ता अजून खोदलेलाच होता.

जबलपूरच्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला. सर्जनने हेमलताला विचारलं, आधी का नाही आणलं. ती म्हणाली, “गरज नव्हती म्हणत होते.” सर्जनला ते कळलं नाही आणि त्याने पुन्हा विचारलंही नाही. त्याच्यामागे आणखी पेशंट होते.

भय्यासाहेब भेटायला आले तेव्हा सफरचंदं घेऊन आले आणि एक फोटोग्राफर. मुरलीधरला कमरेपर्यंत चादर होती, त्यामुळे फोटो नियमात बसत होता. फक्त हसरा चेहरा काही केल्या जमेना.

“जे झालं ते झालं हेमलताबाई,” भय्यासाहेब म्हणाले. “शेवटी आपल्या केंद्रामुळे प्राण वाचले, हे महत्त्वाचं.”

“प्राण केंद्राने नव्हते नेले भय्यासाहेब,” ती म्हणाली. “पाय नेला होता. तो द्या.”

मुरलीधर म्हणाला, “अगं, असं मोठ्यांशी बोलतात का?”

“तुम्ही गप बसा. बोलायचं होतं तेव्हा बोलले नाहीत.”

भय्यासाहेबांनी सफरचंदं टेबलावर ठेवली. हेमलताने ती पिशवी उचलून शेजारच्या खाटेवर दिली. भय्यासाहेब नंतर मंडळात म्हणाले की दुःखात माणसाला बोलण्याचं भान राहत नाही, आपण समजून घ्यावं. सगळ्यांनी समजून घेतलं.

मंडळाच्या वार्षिक अहवालात या प्रसंगाला अख्खं पान मिळालं. ‘दूरस्थ तपासणीत गंभीर जखमेचे तत्काळ निदान, रुग्णाचे प्राण वाचवण्यात यश.’ तत्काळ हा शब्द भय्यासाहेबांनी स्वतः घातला. सलोनी मॅडमनी ते पान मुंबईला दाखवलं, आणि ग्वारीघाटचं केंद्र मंजूर झालं. मंडळाने मुरलीधरच्या मशीनला विजेची मोटर बसवून दिली. त्याचाही समारंभ झाला. समारंभात वीज नव्हती, म्हणून मोटरला नुसता हार घातला.

मुरलीधर अजूनही दर दुसऱ्या बुधवारी केंद्रात जातो. दुसरा पाय आहे, साखर आहे, औषध लागतं. कुबडी टेकत फाटकाशी येतो, वाकून एक चप्पल काढतो, रेघेवर ठेवतो आणि एका पायाने अंगण ओलांडायला लागतो. हेमलता फाटकाबाहेरून ती चप्पल उचलते आणि त्याच्यामागे नेऊन अंगणातच त्याच्या पायात घालते. वसुधाताई तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघतात. पाटी काढावी असा एकदा ठराव आला होता. पण ती देणगीतून रंगवलेली आहे.

ग्वारीघाटच्या केंद्रासाठी भय्यासाहेबांनी स्टँडचं नवं ड्रॉइंग केलं. या वेळी, झाल्या प्रसंगातून धडा घेऊन, दोन कॅमेरे असावेत असं त्यांनी सुचवलं, एक चेहऱ्याला आणि एक पायाला. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मंजुरीसाठी मुंबईला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत काम थांबू नये म्हणून पहिला कॅमेरा बसवायला दुकानाचा माणूस आला. त्याने स्टँडवर कॅमेरा चढवला, काचेवरचा कागद काढण्यासाठी एका बोटाने त्याची मान खाली केली, कागद काढला, पुन्हा वर केली.

“हा खाली होतो?” भय्यासाहेबांनी विचारलं.

“हाँ जी, ऊपर-नीचे सब होता है,” तो म्हणाला. “सभी में होता है.”

मझौलीचाही कॅमेरा हाच होता.